डब्ल्यू, व्ही आणि बेंताना

माझ्या हाताने मी आयुष्यात किती खिडक्या काढल्या असतील, त्याचा हिशेब नाही. ३१ वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. (बाईमाणूस असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच, पगारपत्रकावरही तेच.) सुरुवातीला ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं, चुकलं की ब्लेडने खरवडायची शाई, आणि प्रिंट काढून आणल्या की दिवसभर हाताला येणारा अमोनियाचा वास. पुढे कॉम्प्युटर आला, वास गेला, काम तेच राहिलं. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक तक्ता असायचा. डी म्हणजे डोअर, डब्ल्यू म्हणजे विंडो, व्ही म्हणजे व्हेंटिलेटर. डब्ल्यू-वन, १२०० बाय १२०० मिलिमीटर, सिल (खिडकीचा खालचा काठ) जमिनीपासून ९०० वर, लिंटेल (वरचा काठ) २१०० वर. व्ही-वन, ६०० बाय ४५०, संडास-बाथरूमला. हा तक्ता मी झोपेतसुद्धा लिहिला असता. पण त्यातली डब्ल्यू आणि व्ही या सख्ख्या नसल्या तरी जवळच्या बहिणी आहेत हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं, आणि माझ्या लेकीला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जावं लागलं.

ती शिकायला गेली. खोली शोधत होती तेव्हा रोज रात्री मला जाहिराती पाठवायची. त्यांत दोन शब्द हटकून असत, 'एक्स्तेरिओर' आणि 'इंतेरिओर'. रस्त्याकडे खिडक्या असलेलं घर ते बाहेरचं; इमारतीच्या पोटातल्या चौकात खिडक्या उघडतात ते आतलं. आतलं स्वस्त. तिने अर्थातच आतलं घेतलं. त्या चौकाला तिकडे 'पातिओ दे लुसेस' म्हणतात, म्हणजे उजेडांचा चौक. आम्ही ऑफिसात त्याला डक्ट म्हणायचो. एवढं देखणं नाव, आणि पहिल्या व्हिडिओ कॉलवर दिसलं काय, तर समोरच्या भिंतीवरचे पाइप, मजल्यामजल्याला ओढलेल्या कपड्यांच्या दोऱ्या आणि तळाशी कुणाचा तरी पडलेला एकुलता एक मोजा.

"आई, ही बघ माझी बेंताना."

"सिल किती उंचीवर आहे गं?" मी विचारलं.

"आई!"

बेंताना म्हणजे खिडकी. लिहिताना पहिलं अक्षर व्ही, पण स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी यांच्या उच्चारात फरकच करत नाहीत. मी हट्टाने व्हेंताना म्हणायचे आणि ती दर वेळी सुधारायची. तिच्या तोंडी रोज नवे शब्द यायला लागले तसं मलाही वाटलं, आपण अगदीच बाहेर उभं राहायला नको. म्हणून साठीच्या तोंडावर मी स्पॅनिश शिकायला घेतलं. तिसऱ्याच आठवड्यात 'ब्येंतो' हा शब्द आला, म्हणजे वारा. मग बेंताना? शोधलं, तर खरंच. लॅटिनमध्ये वारा म्हणजे 'वेंतुस', त्याचा स्पॅनिशमध्ये झाला ब्येंतो, आणि त्याच वाऱ्यावरून बेंताना. वारा येण्या-जाण्याची जागा.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ताडकन उठून बसले, कारण हा शब्द मला ठाऊक होता. वातायन! वात म्हणजे वारा, अयन म्हणजे मार्ग. आमच्या ऑफिसने एका सोसायटीला हेच नाव सुचवलं होतं. लेकीला लगेच मेसेज केला, 'बेंताना = वातायन!!!' तीन उद्गारचिन्हं. तिचं उत्तर आलं, 'झोप आता.'

उत्साहात माणूस जरा जास्तच धावतो, तसं माझं झालं होतं. दोन्ही शब्दांच्या शेवटचं ते 'आना' आणि 'आयन' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लॅटिनमधला तो नुसता प्रत्यय आहे आणि आपल्याकडचं अयन हा चालत आलेला अख्खा शब्द, उत्तरायणातला. पण पुढचा अर्धा भाग मात्र पक्का नातेवाईक आहे. वात आणि वेंतुस एकाच जुन्या मुळाचे. इंग्रजीतला विंडही त्यातलाच. तिकडच्या दोघांत न आहे, मग आपल्या वातातला न कुठे गेला? तर म्हणे ऋग्वेदात काही ठिकाणी वृत्त बसवायचं तर वात हा शब्द तीन अक्षरी म्हणावा लागतो, 'वा-अ-त'. मधला तो अ म्हणजे झिजून उरलेला न. हे वाचलं तेव्हा मला जुन्या वाड्याच्या भिंतीत बुजवलेल्या खिडकीची आठवण झाली. गिलाव्याखाली चौकटीची रेघ हाताला लागते ना, तसं.

आता एक विचित्र गोष्ट. लॅटिनमध्ये खिडकीला शब्द नव्हता असं मुळीच नाही. चांगला ठणठणीत शब्द होता, 'फेनेस्त्रा'. तोच फ्रेंचमध्ये फनेत्र झाला, इटालियनमध्ये फिनेस्त्रा, जर्मनांनीही उचलून फेन्स्टर केला. इंग्रजीत तो घरात न राहता पुस्तकात जाऊन बसला. १६१८ साली प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या सरदारांनी बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली फेकलं आणि त्यातून पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं. त्या फेकण्याला इंग्रजीत 'डीफेनेस्ट्रेशन' असा खास शब्द आहे. (तिघेही वाचले. युद्धात मेलेल्या लाखोंचं नशीब तसं नव्हतं.)

स्पॅनिशमध्येही हा शब्द होता. 'एल सिद' या योद्ध्याचं जे जुनं वीरकाव्य आहे, त्याच्या सुरुवातीलाच राजाने हद्दपार केलेला सिद बुर्गोस शहरातून जातो आणि गावातले बायका-पुरुष खिडक्यांतून त्याला बघत रडतात. त्या खिडक्या आहेत 'फिनिएस्त्रास', बेंताना नव्हेत. पुढे कधीतरी स्पॅनिश माणसांनी हा शब्द टाकला आणि वाऱ्याचा धरला. आणि गंमत अशी, की व्हॅलेन्सियाला माझ्या लेकीला हे दोन्ही शब्द रोज भेटतात. तिथे स्पॅनिशच्या जोडीला व्हॅलेन्सियन भाषा चालते, कातालानचंच तिथलं रूप, आणि तिच्यात खिडकी म्हणजे अजूनही 'फिनेस्त्रा'. सरकारी पाट्या दोन्ही भाषांत असतात.

त्यात स्पेननेच असं करावं याचं मला जास्त नवल वाटतं. रोमन काळात खिडकीला काच बसवणं ही नवी चैन होती. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात लिहिलंय की उजेड आत सोडणारी तावदानं ही आमच्या डोळ्यांदेखत निघालेली गोष्ट आहे. काचेइतकाच तेव्हा एक दगड चाले. जिप्समचाच प्रकार, पण पारदर्शक. अभ्रकासारखे त्याचे पातळ पापुद्रे निघतात. हा दगड कुठला उत्तम, तर रोमन लेखक प्लिनी सांगतो, हिस्पानियातल्या (रोमनांच्या स्पेनमधल्या) सेगोब्रिगा गावाच्या आसपासचा. म्हणजे आजचा कुएन्का प्रांत, व्हॅलेन्सियाचा शेजार. तिथल्या खाणींतून तो काढून जहाजांनी रोमला जायचा. ज्या मुलुखाने साऱ्या साम्राज्याला वारा अडवून उजेड देणारी तावदानं पुरवली, त्याच मुलुखाच्या भाषेने खिडकीला नाव दिलं ते वाऱ्याचं! खाणी बंद पडल्या असतील, साधी माणसं पुन्हा लाकडी झडपांवर आली असतील, असा माझा आपला अंदाज. झडप उघडली की उजेड आणि वारा दोन्ही, लावली की दोन्ही नाहीत. अशा घरात पहिली गरज धूर बाहेर काढण्याची असते. उजेड काय, दारातूनही येतो.

तावदान हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आणि स्पेनमध्ये खिडकीवर जी पट्ट्यापट्ट्यांची गुंडाळायची झडप असते, आपल्या दुकानाच्या शटरसारखी, तिला म्हणतात 'पेर्सियाना', इराणची. इराण दोन्हीकडे खिडकीशीच उभा आहे.

आता माझी डब्ल्यू.

इंग्रजीतला विंडो मुळात इंग्रजीचा नाहीच. नॉर्वे-डेन्मार्ककडून आलेले व्हायकिंग इंग्लंडात लुटालूट करून नुसते परत गेले नाहीत, बरेचसे तिथेच घरं करून राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही राहिले. त्यांच्या भाषेत खिडकी म्हणजे 'विंदअउगा'. विंद म्हणजे वारा, अउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! मग त्याआधी इंग्रज काय म्हणायचे? 'एआग-थिर्ल'. एआग डोळा, थिर्ल भोक. डोळ्याचं भोक. हा शब्द गेला, पण त्यातलं थिर्ल एका वेगळ्याच जागी चिकटून राहिलं. नाकाच्या भोकाला ते 'नोझ-थिर्ल' म्हणत, त्याचंच आजचं नॉस्ट्रिल. भोक पाडणं या क्रियेवरून आलेला दुसरा शब्द म्हणजे थ्रिल. आधी तो भाल्याने आरपार जाणं असा होता, आता सिनेमाच्या जाहिरातीत असतो.

इथवर आले आणि मी पुन्हा स्पॅनिश शब्दकोश उघडला. नाकपुडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? 'बेंताना दे ला नारीस'. नाकाची खिडकी.

मी त्या रात्री खरोखर नाकाला हात लावून पाहिला.

तर असा माझा तक्ता. डब्ल्यू म्हणजे उत्तरेकडून बोटीने आलेला वाऱ्याचा डोळा. व्ही म्हणजे लॅटिन वेंतुसची मुलगी. आणि कळस म्हणजे जुन्या लॅटिनमध्ये व्ही लिहायचे, पण उच्चार करायचे डब्ल्यूसारखा, आपल्या व सारखा. म्हणजे एकतीस वर्षं ज्या दोन अक्षरांची मी गल्लत होऊ दिली नाही, जी चुकली म्हणून ज्युनिअर पोरांना बोलले, ती मुळात एकच होती.

व्हेंटिलेटर या शब्दाचं मूळ मात्र घरात नाही, खळ्यात आहे. लॅटिन 'वेंतिलारे' म्हणजे हवेत उधळणं, वारा घालणं, धान्य वाऱ्यावर धरणं. हे वाचताना मला आजोळचं खळं दिसलं. ज्वारीची मळणी झालेली, मामा उंच तिपाईवर उभा, खालून मामी पाट्या भरून देतेय आणि मामा हात उंच करून सुपातून धार सोडतोय. दाणा सरळ पायाशी पडायचा आणि भुसा थोडा पलीकडे, एका रेषेत, कुणी आखून दिल्यासारखा. मग मध्येच मामा थांबायचा. सूप तसंच हातात. "वारा पडला." सगळे नुसते बसून राहायचे, बोलणंही कमी व्हायचं. आम्हा पोरांना शिट्टी वाजवायला सांगायचे, शिट्टीने वारा येतो म्हणे. कुणाच्या गालाला झुळूक लागली की पुन्हा तिपाई. उफणणीला स्पॅनिशमध्ये 'आवेंतार' म्हणतात, त्याच्या पोटात तोच वेंतुस. मेक्सिकोत तर आवेंतार म्हणजे नुसतं फेकणं झालंय. इंग्रजीतला विनो, म्हणजे उफणणं, हासुद्धा विंडपासूनच. आणि आपण उकाडा झाला की 'फॅन लाव गं' म्हणतो, तो फॅन इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ उफणायचं सूप असाच होता; लॅटिन 'वान्नुस' पासून. छताला टांगलेलं सूप! मामाला हे सांगायला हवं होतं. तो आता नाही.

बांधकामावर बाथरूमच्या त्या झिलमिलीच्या खिडकीला गवंडी-मिस्त्री सगळे व्हेंटिलेटरच म्हणतात. २०२० नंतर मात्र हा शब्द नकाशात लिहिताना माझा हात जरा अडायचा. 'व्हेंटिलेटर मोठा घ्या,' असं एका क्लायंटने फोनवर म्हटलं आणि दोघंही क्षणभर गप्प झालो होतो.

एक सावधगिरीही सांगून ठेवते, कारण मी स्वतः फसले. दिसायला सारखे म्हणून सगळेच वेंत या घरचे नव्हेत. इव्हेंट, अॅडव्हेंचर, इन्व्हेंट यांच्यातला व्हेंट येण्याचा, 'वेनीरे' चा. स्पॅनिशमध्ये 'बेंता' म्हणजे विक्री, ते वेंदेरे म्हणजे विकणे यातून. मी व्हॅलेन्सियाच्या रस्त्याच्या फोटोत 'एन बेंता' अशी पाटी पाहिली आणि लेकीला म्हटलं, खिडक्यांचं दुकान दिसतंय. ते घर विक्रीला होतं.

वाऱ्याचं झालं, आता डोळ्याचं. भाषांना खिडकीत डोळा दिसतो तो काही एकट्या व्हायकिंगांना नाही. बोटीच्या किंवा जिन्यावरच्या गोल खिडकीला स्पॅनिशमध्ये 'ओखो दे बुएई' म्हणतात, बैलाचा डोळा. आणि आपण? गवाक्ष. गो आणि अक्ष. बैलाचा डोळा. आणि नुसता अर्थच सारखा नाही. ओखो लॅटिन ओकुलुसपासून, आणि ओकुलुस आणि आपलं अक्षि एकाच मुळाचे. बुएई लॅटिन बोस या शब्दाचा, आणि बोस आणि गो पुन्हा एकाच मुळाचे. दोन्हीकडचे दोन्ही तुकडे नात्यातले, फक्त क्रम उलटा. कुणी कुणाकडून घेतलं असं दिसत नाही. वेगवेगळ्या गावी वाढलेल्या दोन चुलत भावंडांनी आपल्या मुलांना एकच नाव ठेवावं, तसं.

ऑफिसची एकदा कार्ल्याच्या लेण्यांना सहल गेली होती. कलेतिहासाची माणसं तिथल्या दर्शनी भागावरच्या त्या भल्यामोठ्या नालाकृती कमानीला चैत्यगवाक्ष म्हणतात. आत दोन हजार वर्षांच्या लाकडी फासळ्या अजून छताला आहेत, त्या बघायला सगळे माना वर करून उभे. मी मात्र मागे वळून पाहत होते. बाहेरचं ऊन त्या एका कमानीतून येऊन खांबांच्या रांगेवरून थेट स्तूपाकडे जात होतं. तिथे वाऱ्याचं नाव कुणी दिलं नसतं. तो डोळाच.

गोव्यात, कोकणीत, खिडकीला जनेल म्हणतात. तो पोर्तुगीज 'जनेला'. स्पेनच्या शेजाऱ्याने वाराही घेतला नाही आणि डोळाही. त्याने घेतलं दार. लॅटिन 'यानुआ' म्हणजे दार, जनेला म्हणजे छोटं दार, आणि त्याच दाराशी दोन्हीकडे तोंड करून बसलेला रोमनांचा यानुस देव, ज्याच्या नावाने आपण जानेवारी म्हणतो. आपल्या खिडकीचंही तसंच आहे. प्राकृतातला तिचा पूर्वज म्हणजे बाजूचं, मागचं दार. शनिवारवाड्याला खिडकी दरवाजा आहेच. पणजीच्या फोंतेन्यास भागात आणि जुन्या घरांत अजून काही जनेलं शिल्लक आहेत, ज्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चपट्या चकत्या लाकडी चौकटीत सरकवलेल्या असतात. त्यातून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. बाहेरचं काही दिसत नाही. सेगोब्रिगाच्या दगडातून येणारा उजेडही असाच असेल, असं मला उगाच वाटतं.

लेकीचा खिडकीशी सर्वांत जास्त संबंध आला तो मात्र घरात नव्हे, सरकारी कचेरीत. परवान्याचे कागद करायचे होते. तिथल्या काउंटरला म्हणतात 'बेंतानीया', छोटी खिडकी, आपल्या तिकीटखिडकीसारखी. एका बेंतानीयावरून दुसरीवर, दुसरीवरून 'ते सोमवारी या'. तिच्याकडून मी फोनवर एक शब्द शिकले, 'बेंतानीया ऊनिका'. शब्दशः, एक खिडकी योजना. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या घरमालकिणीने येऊन काय झालं विचारलं. ही घरमालकीण म्हातारी आहे, बोलकी आहे, आणि नातीच्या लग्नाबद्दल सांगताना तिने म्हणे हात उडवून सांगितलं की मुलाकडच्यांनी 'घर खिडकीतून फेकलं'. म्हणजे हात सैल सोडून खर्च केला. ही म्हण स्पेनमध्ये १७६३ साली लॉटरी सुरू झाली तेव्हाची, असं सांगतात. बक्षीस लागलेले लोक म्हणे जुनं सामान खिडकीतून खाली टाकत. खरं-खोटं त्या लॉटरीवाल्यांना माहीत.

जुलैत तिचा फोन आला तेव्हा पडद्यावर अंधार होता. दुपार असूनही.

"लाइट गेलेत का?"

"नाही गं. पोनिएंते आहे आज. पेर्सियाना खाली केल्यात."

पोनिएंते म्हणजे मावळतीकडचा वारा. आपल्याकडे मावळतीला समुद्र, म्हणून पश्चिमेचा वारा म्हटलं की जीव गार होतो. व्हॅलेन्सियाला समुद्र उगवतीला. तिथे पश्चिमेचा वारा सगळं कोरडं पठार तुडवत, तापत, डोंगर उतरून येतो आणि पारा चाळिशीला नेतो. सगळं गाव खिडक्या लावून, झडपा पाडून आत बसतं. शब्दात वारा असलेली ती बेंताना, वारा आत येऊ नये म्हणून गच्च बंद. म्हटलं, अगं, मग नाव काय कामाचं? ती उकाड्याने हैराण होती, माझ्या व्युत्पत्तीत तिला रस नव्हता.

रात्री तिच्याकडचे दहा वाजले असतील, तिने पुन्हा फोन लावला. वारा फिरला होता. समुद्राकडचा, लेवांते. फोनमधून पेर्सियाना वर सरकण्याचा खडखडाट आला आणि मागोमाग वरच्या खालच्या मजल्यांवरूनही तसाच, एकामागून एक. तिने कॅमेरा बाहेर धरला. दोऱ्यांवरच्या चादरी हलत होत्या.

"आतल्या चौकात कुठून येतो गं वारा?" तिने विचारलं.

"वरून आकाशाला उघडा आहे ना? गरम हवा वर जाते, तिच्या जागी खालून ओढली जाते. डक्टचं तेच तर काम."

मग जरा वेळ कॅमेरा जमिनीकडेच होता, काहीतरी खुडबुड चालली होती. टेप सुटून परत गुंडाळल्याचा आवाज मला बरोबर ओळखू आला.

"आई, सिल पंच्याण्णव सेंटिमीटरवर आहे."

"पाच जास्त आहे," मी म्हटलं.